कोस्टा रिकाच्या कंदिलांचा तो फॉरवर्ड: लढाई, २०० वर्षं, सैन्य, सगळंच चुकलंय

सप्टेंबर आला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा मला तीन ग्रुपवर आला आणि त्यातला एक माझ्या सख्ख्या मावशीने टाकलाय, म्हणून या वेळी गप्प न बसता लिहितेय. मेसेज थोडक्यात असा: कोस्टा रिकाने १५ सप्टेंबर १८२१ ला स्पेनच्या फौजेला हरवून स्वातंत्र्य मिळवलं, त्या रात्री लोक कंदील घेऊन घराबाहेर पडले, तेव्हापासून २०० वर्षं ही प्रथा अखंड चालू आहे, या देशाने कधीच सैन्य ठेवलं नाही म्हणून तिथे परेड नाही, ढोल नाही, फक्त शांतपणे दिवे, आणि आपण मात्र झेंडावंदन उरकून जिलबी आणायला पळतो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही एरेदियाला, म्हणजे राजधानी सान होसेच्या शेजारीच, चार वर्षं राहिलो. कंदील स्वतः बनवलेत, त्यामुळे हे जरा मनाला लागतं.

आधी लढाईचं बघू. १८२१ मध्ये कोस्टा रिकात स्पेनशी लढाई झालीच नाही. मध्य अमेरिकेतल्या स्पेनच्या या सगळ्या प्रांतांचा कारभार तेव्हा ग्वातेमाला शहरातून चालायचा, तिथे १५ सप्टेंबरला बैठक बसली आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी, बड्या लोकांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. शेजारी मेक्सिकोत अकरा वर्षं रक्त सांडलं होतं, ती आग आपल्याकडे यायच्या आत हे उरकून घ्यावं असा हिशोब. जाहीरनाम्याचं पहिलंच कलम वाचा, त्यात चक्क म्हटलंय की लोकांनीच उठून स्वातंत्र्य जाहीर केलं तर त्याचे परिणाम भयंकर होतील, ते टाळण्यासाठी आपण जाहीर करावं. आणि स्पेनच्या राजवटीचा तिथला प्रमुख गाबिनो गाइन्सा, तोच पुढेही खुर्चीवर राहिला! ही तारीखही एकट्या कोस्टा रिकाची नाही, ग्वातेमाला, एल साल्वादोर, होन्डुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाचही देशांचा स्वातंत्र्यदिन हाच.

मग त्या रात्री कोस्टा रिकात कंदील घेऊन कोण निघणार, कुणाला पत्ताच नव्हता. बातमी तेव्हाची राजधानी कार्तागोला पोचली १३ ऑक्टोबरला, म्हणजे जवळजवळ महिन्याने. आणि सोबत निकाराग्वातल्या लेओनच्या अधिकाऱ्यांचं वेगळंच पत्र, की आत्ताच काही ठरवू नका, आभाळ जरा निवळू दे. मग चर्चा, वाद, आणि शेवटी २९ ऑक्टोबरला कार्तागोत सह्या झाल्या. मला ही गोष्ट फॉरवर्डमधल्या लढाईपेक्षा कितीतरी आवडते, एका छोट्या, गरीब, डोंगरातल्या प्रांताला एक दिवस टपालाने कळतं की आपण स्वतंत्र झालोय, आता तुमचं तुम्ही बघा, आणि लोक बसून ठरवतात काय करायचं ते. कंदिलाची आख्यायिका आहे, पण ती ग्वातेमालाची. दोलोरेस बेदोया नावाची बाई १४ च्या रात्री दिवा घेऊन गल्लोगल्ली फिरली आणि लोकांना उद्या चौकात या म्हणून सांगत राहिली, असं सांगतात.

२०० वर्षं अखंड हेही नाही. कोस्टा रिकात शाळकरी मुलांची कंदील मिरवणूक सुरू झाली १९५३ मध्ये, विक्तोर मान्वेल उरेन्या या शिक्षकाच्या कल्पनेतून. ग्वातेमालाहून मशाल आणायची प्रथा तर १९६४ ची. ती शाळेतली मुलंच हातोहात पळवत देशादेशांतून आणतात, निकाराग्वाच्या सीमेवर पेन्यास ब्लांकासला कोस्टा रिकाची मुलं ती घेतात आणि १४ च्या संध्याकाळी कार्तागोला पोचवतात. या फॉरवर्डचा मला खरा राग येतो तो इथे, कारण "प्राचीन प्रथा" म्हटलं की त्या शिक्षकाचं नाव पुसलंच जातं. एका मास्तरांना सुचलं, शाळांनी उचललं आणि आज अख्खा देश करतो, यात कमी काय आहे?

सैन्याचं अर्धंच खरं. आज सैन्य नाही, बरोबर. पण "कधीच नव्हतं" हे साफ चूक. ते बरखास्त केलं १ डिसेंबर १९४८ ला तेव्हाचे देशाचे प्रमुख होसे फिगेरेस यांनी, बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर घण घालून, आणि तिथे आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याआधी १८५६ मध्ये याच देशाची फौज विल्यम वॉकर या अमेरिकन घुसखोराशी लढली होती. त्या लढाईतला हुआन सांतामारिया हा आलाहुएलाचा साधा ढोल वाजवणारा पोरगा, त्याच्या नावाची ११ एप्रिलला वेगळी सुट्टी असते.

आणि "परेड नाही, ढोल नाही, शांतपणे"... अहो, १५ तारखेला सकाळी तिथे शाळांच्या बँडपथकांनी कान बसतात! महिना-दोन महिने आधीपासून रोज दुपारी शाळेतून ढोलांचा सराव ऐकू येतो. लिरा म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं उभं धरून वाजवायचं वाद्य, त्यावर मुली एकसाथ वाजवतात, पुढे काठी फिरवणाऱ्या मुली, मागे घेरदार झग्यांतल्या छोट्या पोरी आणि दोन्ही बाजूला फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले आजी-आजोबा. परेड आहेच, फक्त ती सैनिकांची नाही, शाळांची आहे.

सगळं थबकतं ते आदल्या दिवशी, संध्याकाळी बरोबर ६ वाजता, आणि तेही थोडा वेळच. सगळ्या रेडिओ-टीव्हीवर एकाच वेळी राष्ट्रगीत लागतं, लोक जिथे असतील तिथे उभे राहून गातात, अगदी गाडी बाजूला घेऊन. तोवर अंधार पडलेला असतो, मग मुलं कंदील घेऊन निघतात. पुठ्ठा, जिलेटीन पेपर, आत बॅटरीचा दिवा, म्हणजे आपला घरी केलेला आकाशकंदीलच म्हणा, फक्त आकार मातीच्या घराचे, रंगवलेल्या बैलगाडीचे. सप्टेंबर म्हणजे तिथला भर पावसाळा, त्यामुळे अर्ध्या कंदिलांवर प्लास्टिकची पिशवी. पहिल्या वर्षी आमचा भिजून लगदा झाला आणि मुलगा रडायला लागला, तेव्हा ओळख ना पाळख अशा एका आजींनी त्यांच्या नातवाचा जास्तीचा कंदील त्याच्या हातात दिला.

राहिली जिलबी. तिथेही लोक परेड संपली की खातात-पितात, सुट्टी घेतात, घरी जाऊन झोपतात. आपल्याकडेही पोरं सकाळी इस्त्रीचे गणवेश घालून प्रभातफेरीला जातातच की, त्यांना कमी लेखायला त्या मुलांचे कंदील कशाला वापरायचे?

मावशी, तुला आमच्या दुसऱ्या वर्षीच्या बैलगाडीच्या कंदिलाचा फोटो वेगळा पाठवलाय. फॉरवर्ड करायचंच असेल तर तो कर, आणि खाली १९५३ लिही.