कागद निंगाला, फी नाही

प्राचार्य महोदय, विद्यापीठाचं पत्र आलं म्हणून असे घाबरेघुबरे होऊ नका. 'आपल्या संकेतस्थळावरील नियमबाह्य मजकूर सात दिवसांत हटवून अनुपालन अहवाल सादर करावा', एवढंच तर आहे त्यात. मजकूर हटवा म्हटलंय. नियम पाळा असं कुठं म्हटलंय? पत्र बारकाईनं वाचलं की निम्मं काम तिथंच उरकतं.

पहिले पाच दिवस पासवर्ड शोधण्यात घालवा. साइट अध्यक्षसाहेबांच्या भाच्यानं बनवलेली. तो आता बसस्टँडसमोर दुकान टाकून सातबारे काढून देतो. फोन केला तर "हाव सर, संध्याकाळी करतो" म्हणेल. कोणत्या संध्याकाळी, हे विचारण्याचा उतावीळपणा करू नका. त्याच्या मागच्या वर्षीच्या बिलाचा विषय तर अजिबात काढू नका.

सहाव्या दिवशी तो आलाच, तर त्याला फक्त मेनूमधली लिंक काढायला सांगा. फाइल सर्व्हरवर जिथल्या तिथं राहते. ज्याच्याकडे पूर्ण पत्ता आहे त्याला ती उघडते. पण विद्यापीठातले बाबू मेनू पाहतात, पत्ते नाही. भाचा जास्त शिकलेला निघाला तर 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाच्या फाइलीत गुगलसारख्या शोधयंत्रांसाठी 'इकडे पाहू नये' असं लिहून देईल. ती फाइल कुणालाही वाचता येते. म्हणजे उंबऱ्याखाली किल्ली ठेवायची आणि दारावर पाटी लावायची, 'उंबऱ्याखाली पाहू नये'. गुगलला अर्ज केला तर तेही पान शोधातून साधारण सहा महिने झाकून ठेवतात. सहा महिने पुष्कळ झाले; तेवढ्यात आपल्याकडे सोयाबीन येऊन जातं. आणि इंटरनेट आर्काइव्हवाल्यांची चिंता कशाला? ते १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती जपून ठेवताहेत खरे, पण त्यांना आपल्या तालुक्याचं नाव नीट लिहिता येणार नाही. (येतं. मी पाहिलंय.)

आता हटवायचं काय? प्रयोगशाळेचा तो फोटो राहू द्या. खिडकीबाहेर बर्फ दिसतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे मान्य. पण महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकनं विचारलं तर सांगता येईल की महाविद्यालयाचा दृष्टिकोन जागतिक आहे. संलग्नता न मिळालेले दोन अभ्यासक्रम 'प्रस्तावित' या शब्दाआड सरकवा. अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना हात लावू नका, नोकरी तुमची आहे.

राहिली ती फीची नोटीस. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या पोराकडून सरकार देणार ती फी प्रवेशाच्या वेळी मागायची नाही, असे आदेश आहेत. आणि आपण काय लिहिलं होतं? 'शिष्यवृत्तीधारकांनी संपूर्ण फी आधी भरावी, मंजूर झाल्यावर परत मिळेल.' खाली तुमची सही, शिक्का आणि तारीखसुद्धा! नियम मोडायचा तर तोंडी मोडावा, महोदय. एवढी वर्षं संस्थेत काढून हे कळू नये?

ती नोटीस ताबडतोब काढलीत, हे बरं केलं. आणि काउंटरच्या खिडकीवर बाबूला नेहमीसारखं बसू द्या. जून-जुलै म्हणजे प्रवेशाचा हंगाम आणि पेरणीचाही. पऱ्हाटीच्या बियाण्याच्या थैल्या, खत, सारं कृषी केंद्रातून उधारीवर उचलून बाप पोरीला घेऊन खिडकीशी उभा असतो. पहिल्या वेचणीचा कापूस घरात यायला दसरा उजाडतो. त्या दिवशी असाच एक जण म्हणाला, "साहेब, थो कागद निंगाला म्हनते न इंटरनेटवरून? पोरीनं पाह्यलं मोबाइलात." आपला बाबू हुशार. मान वर न करता म्हणाला, "कागद निंगाला, फी नाही निंगाली." पोरगी काही बोलली नाही. बाप खिशातला कागद उलगडून पुन्हा घडी घालत राहिला. मागच्या माणसाला पुढं यायचं होतं, म्हणून रांग सरकली.

अशा बाबूचा १५ ऑगस्टला सत्कार करा.

साफसफाई निघालीच आहे तर माहितीच्या अधिकाराचं पानही झाडून टाका. २००५ च्या कायद्यातल्या चौथ्या कलमात सतरा बाबी आपणहून जाहीर करायला सांगितल्या आहेत. आपण तीनच केल्या होत्या, त्यात एक चुकीची. अर्धवट माहिती देण्यापेक्षा अजिबात न देणं केव्हाही स्वच्छ. विद्यापीठानं हे पान हटवायला सांगितलं नव्हतं, पण सगळं सांगितल्यावरच करायचं, तर पुढाकार कशाला म्हणायचं?

अनुपालन अहवाल मात्र तब्येतीनं लिहा. विषय, संदर्भ, जावक क्रमांक, 'उपरोक्त विषयास अनुसरून' सगळं हवं. पारदर्शकता दिसावी म्हणून तो साइटच्या पहिल्याच पानावर टाका. आपण टाकलाय, शेजारी लाल अक्षरांत 'नवीन' असं लुकलुकतंय. सोबत परिशिष्ट 'अ' जोडलं आहे: हटवलेल्या मजकुराची सत्यप्रत, तुमची सही, शिक्का आणि तारखेसह.