‘जर्मनीत ड्रायव्हरला महिना तीन लाख’: जरा पगारपत्रक उघडू या

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला पाच ग्रुपांवर आला. थोडक्यात तो असा: “जर्मनीत बस ड्रायव्हर आठवड्याला फक्त ३४ तास काम करतो आणि महिना ३ लाख घेतो. आपला ६० तास राबून २५ हजार. कारण? युद्धानंतर जर्मन माणसाने आठवड्याला सत्तर-सत्तर तास घाम गाळला. आपण चहा-तंबाखूत वेळ घालवतो. जमेल त्याने तिकडे जावं, दोन लाख सहज शिल्लक पडतात.” खाली झेंडे आणि जोडलेले हात.

माझी नोकरी पगारपत्रकं बनवण्यात गेली. आकडा दिसला की मी आधी कपातीचा रकाना शोधतो. आणि भाचा तिकडेच, श्टुटगार्टजवळ, बस चालवतो. त्याचं २०२५ सालचं एक पगारपत्रक मागवून घेतलं.

‘महिना ३ लाख’

आकडा खोटा नाही. पत्रकाच्या माथ्यावर ३,१०० युरो आहेत आणि युरो शंभर रुपयांना धरला तर तीन लाख होतात. पण माथ्यावर लिहिलेलं असतं ‘ब्रुटो’, म्हणजे कपातीआधीचा पगार. खाली उतरा. पेन्शन विमा २८८, आजारपणाचा विमा २६५ च्या आसपास, बेकारी विमा ४०, वृद्धापकाळच्या शुश्रूषेचा विमा ७४ (मूल नाही म्हणून जरा जास्त). मग आयकर, सव्वातीनशेच्या घरात. तळाला ‘नेटो’, म्हणजे हातात पडतात ते २,१०० युरो. एक लाख तर पत्रकाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत येतानाच गळाला.

उरलेले २,१०० तो खर्च करतो कुठे? तिकडेच. एका खोलीचं भाडं, हीटिंग धरून, ७८० युरो. टीव्ही-रेडिओची वर्गणी महिना १८.३६, घरात टीव्ही नसला तरी. केस कापायला पंचवीस युरो. पहिल्या वर्षी हा पठ्ठ्या तीन महिने केस वाढवून फिरला. बहिणीने व्हिडिओ कॉलवर बघून रडायचंच बाकी ठेवलं होतं.

म्हणून दोन देशांच्या पगारांची तुलना करताना बाजारातला विनिमय दर लावत नाहीत, त्या-त्या ठिकाणी पैशात काय येतं ते बघतात. जागतिक बँकेच्या हिशेबाने जर्मनीत एका युरोत जे मिळतं ते भारतात साधारण २८ ते ३० रुपयांत मिळतं. म्हणजे भाच्याचे २,१०० युरो तिकडे जगण्यापुरते आपल्या साठ हजारांसारखे. सगळ्याच गोष्टींना हे लागू नाही. मोबाइल दोन्हीकडे जवळपास त्याच भावाचा. घरभाडं, न्हावी, हॉटेलातलं जेवण यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

साठ हजार २५ हजारांपेक्षा जास्तच आहेत, आणि तेही कमी तासांत. मी ते नाकारत नाही. पण बारापट आणि अडीचपट यांत फरक आहे.

‘दोन लाख शिल्लक’

हातात येतात दोन लाख दहा हजार. त्यातले दोन लाख शिल्लक पडायचे तर माणसाने बसमध्येच झोपायला हवं. भाचा जपून राहतो आणि महिन्याला सहाशे युरो घरी पाठवतो. हे सहाशे मात्र खरोखरच साठ हजार, कारण ते इकडे खर्च होतात. बाजारातला दर इथेच लागू होतो, पाठवलेल्या पैशाला. मेसेजवाल्याने तो पूर्ण पगाराला लावला.

‘फक्त ३४ तास’

हा आकडाही खरा, पण सरासरीचा. जर्मनीत दहातले तीन जण अर्धवेळ काम करतात, आणि नोकरी करणाऱ्या बायकांत तर जवळपास निम्म्या. घरात नवरा ४० तास, भाऊ ४० तास आणि वहिनी २० तास काम करत असेल तर सरासरी ३३ येते. त्या घरात ३३ तास काम करणारं कोणीच नाही. पूर्ण वेळ नोकरीवाल्याचा आठवडा तिकडेही ४० च्या आसपासच असतो. भाच्याच्या करारात ३९ आहेत. शिवाय काही दिवस पहाटेची फेरी, मधले चार तास बिनपगारी रिकामे, मग संध्याकाळची फेरी. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या शहर वाहतुकीच्या कामगारांनी फेर्‍या बंद पाडल्या, त्या कामाच्या अशाच अटींवरून.

इकडची बाजूही सरळ नाही. आपल्याकडे काम करणाऱ्यांपैकी नियमित पगार घेणारा पाचातला एकच. निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्या धंद्यात किंवा शेतात. त्यांचा ‘महिन्याचा पगार’ कुठल्या पत्रकात शोधणार?

‘युद्धानंतर सत्तर तास’

हे सगळ्यात जास्त पसरलेलं, म्हणून जरा थांबतो. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हणताना जर्मनी आणि जपानचाच दाखला दिला होता. तेव्हापासून तो फिरतोय.

पन्नासच्या दशकात पश्चिम जर्मनीत कामाचा आठवडा ४८-४९ तासांचा होता, सहा दिवसांचा. कष्टाचाच, पण सत्तरचा नव्हे. आणि नेमकं तेव्हाच, १ मे १९५६ ला, तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने पाच दिवसांच्या आठवड्याची मोहीम काढली. भित्तिपत्रकावर एक लहान मूल आणि वाक्य: ‘शनिवारी बाबा माझे’. अर्थव्यवस्था वाढत असतानाच तास कमी करून घेतले जात होते. १९८४ मध्ये धातुउद्योगातले कामगार ३५ तासांसाठी कित्येक आठवडे संपावर गेले, बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि हेसेन या राज्यांत. पश्चिमेकडच्या धातुउद्योगात प्रत्यक्ष ३५ तास आले १९९५ साली. बाकी १९४८ चं नवं चलन, मार्शल योजना (युद्धानंतरची अमेरिकेची मदत), १९५३ च्या लंडन करारात माफ झालेलं जर्मनीवरचं निम्मं परदेशी कर्ज, १९५५ पासून इटलीहून आणि १९६१ पासून तुर्कस्तानातून आणलेले मजूर, यांपैकी मेसेजमध्ये काहीच नाही. घाम तेवढा आहे.

‘आपण चहा-तंबाखूत’

याला फार शब्द खर्च करत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकड्यांत भारताची सरासरी आठवड्याला ४६-४७ तास आहे, जगातल्या लांबलचक आठवड्यांपैकी एक. आळशी माणसाचा आकडा असा येत नाही. तासाला काय निपजतं ते माणसाच्या हातात कुठलं यंत्र आहे, रस्ता कसा आहे, सुटा भाग वेळेवर येतो का, यावर ठरतं.

मेसेजमध्ये खरी बघण्यासारखी गोष्ट सुटलीच आहे. भाचा गेल्या हिवाळ्यात पाठीच्या दुखण्याने बारा दिवस घरी होता. पगार पूर्ण आला. तिथला कायदा असा की पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, पुढे विमा. तो जो लाख रुपये ‘गळाला’ म्हणालो, तो इथे दिसतो. आमच्या कोपऱ्यावरचा कंत्राटी ड्रायव्हर बारा दिवस घरी बसला तर बारा दिवसांच्या पगारावर पाणी सोडतो.

आता ‘तिकडे जावं’ याबद्दल. जरूर जावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. पण आपलं लायसन्स तिकडे सहा महिनेच चालतं. बसला तिथला वेगळा परवाना आणि व्यावसायिक पात्रता लागते, आणि प्रवाशाशी जर्मनच बोलावं लागतं. भाच्याला या सगळ्याला दीड वर्ष लागलं. एजंटने ३,१०० म्हटलं की एवढंच विचारा: ब्रुटो की नेटो? गडबडला तर फोन ठेवा.