गोव्याचा उकाडा जमिनीखालून येत नाही

सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की पृथ्वीचं कवच एकदम पातळ आहे, खाली सगळीकडे उकळता लाव्हा आहे, खाणींनी कवच आणखी पातळ केलं म्हणून उष्णता वर येतेय, आपला लाल जांभा दगड हा त्याच लाव्ह्याचा पुरावा, आणि विहिरीसुद्धा खालच्या उष्णतेनेच आटतायत. शिकलेसवरलेले लोक हे पुढे ढकलतायत म्हणून एकेक मुद्दा घेतेय.

खाली लाव्ह्याचा समुद्र नाहीये. इथलं कवच साधारण ३५-४० किलोमीटर जाड आहे, त्याखालचा थर म्हणजे प्रावरण, ते पार २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातं आणि ते जवळजवळ सगळं घन दगडाचं आहे. तापलेलं आहे, वर्षाला काही सेंटिमीटर सरकतं पण, तरी घनच, कारण वरचा प्रचंड दाब त्याला वितळू देत नाही. हे कळलं भूकंपांमुळे. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, प्रावरणातून मात्र व्यवस्थित जातात आणि २,९०० किलोमीटरवर अडतात, म्हणजे द्रव सुरू होतो तिथे, आणि तोही वितळलेल्या लोखंड-निकेलचा, लाव्ह्याचा नव्हे. त्याच्या आत परत घन गाभा आहे हे इंगे लेमन या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी १९३६ मध्ये दाखवून दिलं. पुस्तकातल्या चित्रात प्रावरण लालभडक रंगवतात, बहुतेक सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आता खाणींनी कवच पातळ झालं हा मुद्दा. खाणीचा खड्डा २०० मीटर खोल धरला तरी ३५ किलोमीटरपुढे तो अर्धा टक्का होतो. रशियात कोला इथे १२ किलोमीटरहून खोल भोक पाडलं, तळाला तापमान १८० अंशांच्या आसपास होतं पण लाव्हा काही लागला नाही. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला ०.१ वॉटपेक्षाही कमी असते आणि गोव्यात सूर्याकडून दिवस-रात्र मिळून सरासरी २०० वॉटच्या वर येते, दोन हजार पट फरक झाला हा! मे महिन्यात भर दुपारी विहिरीतून कळशी काढून हात बुडवून बघा, पाणी गार लागतं. उष्णता खालून येत असती तर सगळ्यात आधी तेच तापलं असतं ना.

जांभ्याचं म्हणाल तर चिरेखाणीत जाऊन एक चिरा हातात घ्या. सगळीकडे भोकं, भोकांत पिवळी-पांढरी माती, आणि नुकता कापलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. लाव्हा थंड होऊन असा दगड बनत नाही. पाऊस आणि कडक ऊन आलटून पालटून लाखो वर्षं चालू राहिलं, पाण्याने मूळ दगडातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, तो जांभा, लाल रंग त्या लोहाचा. लाव्ह्याचा दगड गोव्यात आहे, पण तो सत्तरी तालुक्याच्या ईशान्य टोकाला, काळा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. बाकी बहुतेक गोव्यात जांभ्याखाली त्याहून कितीतरी जुने दगड आहेत.

विहिरींच्या मुद्द्याची मात्र खरंच चीड येते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबर, तो सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावरच्या, भोकांतून, भेगांतून खाली मुरतो आणि मग हळूहळू पायथ्याच्या झरींतून, विहिरींतून बाहेर येतो. सडा सपाट करून वर काँक्रीट ओतलं की पाणी मुरायच्या ऐवजी वरच्यावर वाहून जातं. झाडं आणि ओली माती असते तेव्हा उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो, झाडं आणि ओल गेली की तेच ऊन जमीन आणि हवा तापवतं, त्यात समुद्राची दमट हवा, घाम सुकत नाही, मग उकाडा वाढणारच. आणि खाणींचा दोष आहेच, पण तो वेगळा: खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की तो कोरडा ठेवायला पंप लावून पाणी उपसत राहावं लागतं, आणि आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींची पातळी त्याच्याबरोबर खाली जाते. हे सगळं माणसांनी केलेलं आहे, आणि मेसेज ते लाव्ह्याच्या नावावर खपवतोय.