बैजंती कोण?

सरकारी कागदानुसार १९८८ साली मी बैजंती नावाच्या बारा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. प्रत्यक्षात अंतरपाटापलीकडे उभी होती ती एकवीस वर्षांची वैजयंता, आणि ती अजून माझ्याच घरात आहे. बैजंतीला मी कधी पाहिलेलं नाही. पण माझ्यामागे फॅमिली पेन्शन तिला मिळणार होती.

हे इतकी वर्षं कुणाला कळलं नाही, कारण पेन्शन बँकेत जमा होत होती आणि जमा होणाऱ्या पैशाचे कागद कुणी वाचत नाही. मग आम्हा माजी सैनिकांच्या पेन्शनचा कारभार 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या सेवा केंद्रावर गेलो, सोबत बाजार करायचा म्हणून मंडळी होती. संगणकावरचा मुलगा स्क्रीन बघून मोठ्यानं म्हणाला, "काका, काकूंचं नाव बैजंती का?"

"कोण बैजंती?" हा प्रश्न मी विचारायला हवा होता, पण तो शेजारच्या खुर्चीतून आला.

चोवीस वर्षांच्या नोकरीत माझी बदली जिथं जिथं झाली ती सगळी गावं त्या दिवशी परतीच्या एसटीत निघाली. फिरोजपूर झालं, तेजपूर झालं. "जोधपूरला असताना तुमची पत्रं कमी यायची. मला तेव्हाच वाटलं होतं." जोधपूरला वाळवंटात आमची एक्सरसाइज चालू होती, पाणी मोजून मिळायचं, हे सांगून काही उपयोग झाला नाही. तिकीट देता देता कंडक्टरही ऐकत होता आणि त्याला ती बाजू पटलेली दिसली.

बैजंतीचा जन्म कसा झाला ते मला चांगलं माहीत आहे. लग्नाची सुट्टी संपवून युनिटमध्ये हजर झालो, ऑफिसात जाऊन नाव सांगितलं, जन्मसाल सांगितलं. क्लार्क बिहारचा, मनानं सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात 'व' राहत नसे. वैजयंताची बैजंती तिथंच झाली, आणि ६७ चे ७६ टाइपरायटरनं केले. मग पार्ट टू ऑर्डर निघाली. फौजेत पार्ट टू म्हणजे सटवाईनं कपाळावर लिहिलेलं. लग्न, मूल, सुट्टी, कोर्स, जे पार्ट टूत आलं ते घडलं, जे आलं नाही ते घडलंच नाही. पार्ट टूवरून ते शीट रोलमध्ये, म्हणजे फौजीच्या नोकरीच्या नोंदपत्रात गेलं, शीट रोलवरून डिस्चार्ज बुकात, तिथून प्रयागराजच्या पेन्शन कचेरीत, आणि प्रयागराजहून शिक्क्यानिशी पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या हुकमात येऊन बसलं. प्रत्येक टप्प्यावर ते तपासलं गेलं होतं. म्हणजे आधीच्या कागदाशी ताडून पाहिलं गेलं होतं आणि अगदी तंतोतंत जुळलं होतं.

"राहू दे की," असं भावकीतले म्हणाले. राहू दिलं असतं, पण शेजारच्या गावातल्या एका वहिनींचे हाल मी पाहिले होते. नवरा गेला, दिवस झाले, आणि मग कळलं की नावात फरक आहे. कपाळ मोकळं झालेली बाई पिशवीत कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. मी गेल्यावर माझ्या बायकोनं काय करायचं ते करावं, पण 'मी बैजंती नाही' हे सिद्ध करत फिरू नये, एवढी माझी इच्छा होती.

तर पुरावे गोळा करायला घेतले. आता आपल्याकडची पंचाईत बघा. शाळेच्या दाखल्यावर ती शकुंतला, कारण ते माहेरचं नाव. वैजयंता हे नाव मी ठेवलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले. पुरावा वऱ्हाडानं खाल्ला. रेशनकार्डावर वैजाबाई, आधारवर वैजयंता, फौजेत बैजंती. जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात एक रिटायर्ड नायब सुभेदार साहेब बसतात, त्यांनी शांतपणे कागद मांडले आणि म्हणाले, "हवालदार, ॲफिडेव्हिट करा. या चौघी एकच आहेत असं."

नोटरीसमोर मंडळींनी ते संपूर्ण वाचून घेतलं. सही करण्याआधी एकच विचारलं, "चौघींची मिळून पेन्शन एकच का?"

पुढं पेपरात जाहिरात. एक मराठीत, एक इंग्रजीत. इंग्रजी आमच्या गावात कुणी पाहिली नाही. मराठी सगळ्यांनी पाहिली, कारण ती नेमकी दहाव्या-तेराव्याच्या पानावर आली आणि ते पान गावात आधी वाचतात. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला कुणीही असो, शिपाई असला तरी तो 'मेजर'च. सकाळी पाराजवळून जाताना हाक आली, "मेजर, या वयात दुसरं?"

जॉइंट फोटोचं तर विचारूच नका. दोघांचा एकत्र, पांढऱ्या पडद्यावर, कान दिसले पाहिजेत. मंडळींचा पदर डोक्यावरून हलेना. फोटोग्राफर म्हणे, "मावशी, पदर मागं घ्या." ती म्हणे, "परक्या माणसापुढं?" तो म्हणाला, "मावशी, हे तुमच्या पेन्शनसाठी आहे." तेव्हा पदर खांद्यावर आला, पण चेहऱ्यावर जो राग बसला तो फोटोत कायमचा उतरला. तो फोटो पाहून कुणालाही ही माझीच बायको असल्याची खात्री पटेल. रेकॉर्ड ऑफिसला पटली नाही.

तिथं मी तिला घेऊनच गेलो. मला वाटलं, जिता-जागता पुरावा यापेक्षा मोठा काय असणार? खिडकीआडच्या क्लार्कनं फाईल उघडली, बोट फिरवलं आणि थांबला. "साहब, ये तो बाल विवाह है."

मी म्हणालो, "नाही, इक्कीस की थी. ये रही, सामने खड़ी है."

त्यानं मान वर न करता सांगितलं, "मैडम को नहीं, मैडम का काग़ज़ दिखाइए."

१९७८ पासून मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे हे मलाही माहीत होतं. मी विचारलं, रेकॉर्ड खरं असेल तर फौजेनं मला तेव्हाच आत का नाही टाकलं? उलट मॅरिड क्वार्टर दिलं! आणि १९९० ला मुलगी झाली, तिची पार्ट टू निघाली, म्हणजे तुमच्या हिशोबानं आई चौदाची. तेव्हा कुणी बोटं मोजली नाहीत? तो थोडा विचारात पडला. "वो अलग सेक्शन है," म्हणाला.

त्याच्यावर राग धरून चालत नाही. त्याच्या पाठीमागं छतापर्यंत रॅक होते, रॅकमध्ये शीट रोल. फौजी गेल्यावर पेन्शनला दोन दोन बायका उभ्या राहतात, आणि त्यातली खरी कोणती हे त्याला कागदावरूनच ठरवावं लागतं. तोंडाकडं बघून सोय लावायला लागला तर उद्या खरोखरच एखादी बैजंती हजर होईल.

आणि मी तर साधा हवालदार. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख होते, तरी त्यांचं जन्मसाल एका शाखेत १९५० आणि दुसऱ्या शाखेत १९५१. दोन्ही शाखा त्यांच्याच सैन्यातल्या, त्यांच्याच हाताखालच्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांना अर्ज मागं घ्यावा लागला, आणि मे महिन्यात १९५० प्रमाणंच ते रिटायर झाले. ज्यांच्या एका हुकमावर रणगाडे हलतात त्यांना एक आकडा हलवता आला नाही. मला तर दोन आकड्यांची अदलाबदल हवी होती, वर एक 'व'.

शेवटी शाळेच्या दाखल्यानं काम केलं. ॲफिडेव्हिटनं शकुंतलाची वैजयंता केली, शकुंतलेच्या दाखल्यानं १९६७ दिलं. फाईल प्रयागराजला गेली. नायब सुभेदार साहेब अधूनमधून फोन करून विचारत होते. कधीतरी दुरुस्तीची पीपीओ आली. मी चष्मा पुसून अक्षर न् अक्षर तपासलं. नाव बरोबर. साल बरोबर. कुठं खोट काढायला जागा नव्हती, जरा चुकल्यासारखंच झालं.

मंडळींनी कागद हातात घेतला, नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग तुम्ही गेल्यावर मला किती मिळणार?"

"शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. सदुसष्टच्या आत गेलो तर काही वर्षं जास्त."

"आणि तुम्ही आहात तोवर?"

"पन्नास."

तिनं बोटांवर हिशोब केला. कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवसापासून माझी भजी बंद झाली, चहातली साखर बंद झाली, आणि पहाटे पाचला पीटी सुरू झाली.