टाकीच्या पाण्यावर घर चालवायचं गणित

गच्चीवरच्या टाकीला छोटं टर्बाइन लावा आणि वीजबिल शून्य करा, असं सांगणारा व्हिडिओ बहुतेक सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलाय. नळाच्या तोंडाला मुठीएवढं टर्बाइन, त्यातून निघालेल्या दोन वायरी, पेटलेला एलईडी दिवा आणि खाली लांबलचक मजकूर. मजकुरात नववीच्या पुस्तकातलं स्थितिज ऊर्जेचं (उंचीमुळे साठलेल्या ऊर्जेचं) सूत्रही आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण (९.८) गुणिले उंची, त्यामुळे शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात. सूत्र बरोबरच आहे. त्यात आकडे मात्र कुणी घातलेले नाहीत.

‘उंचावरच्या पाण्यात प्रचंड ऊर्जा असते.’

किती, ते पाहू. तीन मजली इमारत, १००० लिटरची टाकी, तळमजल्याच्या नळापासून उंची १२ मीटर. (ही उंची टाकीतल्या पाण्याच्या मध्यापासून मोजायची, कारण टाकी रिकामी होते तशी पातळी उतरत जाते. परीक्षेत इथे हमखास मार्क जातात.) १००० किलो गुणिले ९.८ गुणिले १२ म्हणजे १,१७,६०० ज्यूल. लाखाचा आकडा दिसला की छाती फुगते, पण विजेचं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं असतं. म्हणजे अख्खी टाकी रिकामी करून मिळालं युनिटच्या तिसाव्या भागाएवढं. दोन हजार वॉटचा गीझर त्यावर एक मिनिटसुद्धा चालणार नाही. दिवसाला पाच युनिट लागणारं साधं घर चालवायचं तर दीड लाख लिटर पाणी रोज खाली सोडावं लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. तेही टर्बाइनमध्ये काहीच वाया जात नाही असं धरून.

‘पण दिवा पेटलेला दिसतोय ना!’

दिसतोय, आणि तो खोटा असेलच असं नाही. मिनिटाला १० लिटर पाणी सोडलं तर वरच्या हिशेबाने २० वॉट निघतात. त्यातले निम्मे हाती लागले तरी ९ वॉटचा दिवा लागेल. शंभर मिनिटांनी टाकी कोरडी. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा आहे.

‘पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचावर आहे, म्हणून उंची ५७२ मीटर धरा.’

हा युक्तिवाद मजकुराच्या बचावाला आलेल्या एका हुशार माणसाचा, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला. कारण चूक अगदी नेमक्या जागी आहे. ५७२ मीटर धरले की ऊर्जा एकदम ५६ लाख ज्यूल होते, दीड युनिटाच्या वर. सूत्रात घालायला कुणी अडवतही नाही. शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवायचं असतं, समुद्र धरा नाहीतर स्वयंपाकघराची फरशी. पण मग खाली आलेल्या पाण्याचाही हिशेब त्याच शून्यापासून करायला हवा. टर्बाइनमधून मोरीत पडलेलं पाणी अजून ५६० मीटरवरच आहे! ५७२ वजा ५६०, उरले तेच १२. उंची टाकीच्या पत्त्यात नसते, पाणी जिथून निघालं आणि जिथे पोचलं त्या दोन जागांच्या मध्ये असते.

ते ५६० मीटर खरोखर वसूल करायचे तर पाणी घाटाखाली नेऊन सोडावं लागतं. टाटांनी तेच केलं. लोणावळ्याच्या माथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून सरळ खोपोलीत उतरवलं, १९१५ साली. कोयनेतही तेच. नदीचा उतार पूर्वेला, पण पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे वळवलं, कारण सह्याद्रीचा कडा त्या बाजूला तुटतो. तिथे पडणं सुमारे ४७५ मीटरचं. म्हणजे त्याच हजार लिटरमागे सव्वा युनिटाहून थोडं जास्त, आपल्या गच्चीच्या चाळीसपट. शिवाय पाणी हजार लिटर नाही, टीएमसीत मोजायचं. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. ‘कोयनेला जमतं मग आपल्याला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

‘जाड पाइप लावा, दाब वाढेल.’

तळाचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, पाइपच्या जाडीवर नाही. जाड पाइपात घर्षण कमी होतं हे खरं, पण मग टाकी लवकर संपते. एकूण ऊर्जा १,१७,६०० ज्यूलच्या वर जात नाही.

‘तीच वीज वापरून पाणी पुन्हा वर चढवा.’

आमची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर ही टाकी भरायला अर्धा तास घेते. ३७३ वॉट गुणिले १८०० सेकंद म्हणजे पावणेसात लाख ज्यूलच्या जवळपास, आणि हे नुसतं मोटरच्या फिरत्या दांड्यावर मिळणारं काम. मोटर वीज त्याहून जास्त खाते. सहा रुपये घालून एक रुपया मिळवायचा, आणि त्या रुपयातून पुन्हा सहा काढायचे. घाटघरला पाणी खाली-वर नेणारा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, पण तिथेही वर चढवायला लागते त्यापेक्षा कमीच वीज परत मिळते. मागणी कमी असताना साठवायची आणि गरजेच्या वेळी काढायची, यासाठी तो तोटा सोसायचा.

राहिला आमच्या शेजारच्या काकांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे: ‘अरे, पाणी तर आपण तसंही वर चढवतोच. उतरताना थोडं वसूल केलं तर बिघडलं कुठे?’ काका, रोज एक टाकी धरली तर महिन्याला एक युनिट, तेही कागदावर. आणि टर्बाइनने पाण्याचा जोर काढून घेतला की सकाळी तुमच्या शॉवरची धार करंगळीएवढी.