आमदारकीची पूर्वतयारी

आमदार व्हायचंच, असं मनावर घेतलं असेल तर आधी वयाची 25 वर्षं पूर्ण करा. शिक्षणाची अट घटनेने घातलेली नाही, त्यामुळे तेवढा वेळ वाचतो. तो दशक्रियेला द्या.

हसू नका, मतदारसंघ घाटावरच बांधला जातो. पिंड मांडलेले, नातेवाईक कावळ्याची वाट बघत उन्हात ताटकळलेले आणि तुम्ही माईक धरून 'तालुक्याची कधीही भरून न निघणारी हानी' सांगताय. गेलेल्याचं नाव पीए कानात सांगतो. ते नीट ऐका. चुकून शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला श्रद्धांजली वाहिलीत, तर अख्खी भावकी हातची गेली. मग दुपारी दोन लग्नं, संध्याकाळी सभामंडपाचं भूमिपूजन.

उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये. म्हणून कार्यकर्त्यांच्या आधी चांगला सीए गाठा.

निवडून आलात की 288 जणांत तुम्ही एक. आमदाराचं काम कायदे करणं, असं कुणी भाबडा सांगेल. अहो, गोंधळात आवाजी मतदानाने विधेयकं मंजूर होतात; तेव्हा तुम्ही कॅन्टीनमध्ये असलात तरी राज्याचं काही अडत नाही. विधानभवनाच्या पायऱ्यांवर मात्र वेळेत पोचा. चॅनेलवाले तिथे असतात. कांद्याच्या माळा घरून आणा, आणि घोषणा देताना पुढच्या रांगेत घुसा. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, टाकायला हरकत नाही, उत्तर वाचायची सक्ती नसते.

आता मुख्य विषय, पक्ष. एक तृतीयांश आमदार घेऊन फुटायची सोय 2003 मध्ये गेली. विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. खचू नका. अपात्रतेचा निर्णय विधानसभेचे अध्यक्ष देतात आणि तो किती दिवसांत द्यावा, हे घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, लिहिलेलं नाही. तेवढ्यात टर्मही संपते. तेव्हा बॅग भरलेली ठेवा. 2022 साली सुरतेहून थेट गुवाहाटी गाठावी लागली होती. परतल्यावर 'मतदारसंघाच्या विकासासाठी' एवढंच म्हणा. मंत्रिपदं मात्र मुख्यमंत्र्यांसह 43 च, त्यामुळे विकास सगळ्यांना पुरत नाही. उरलेल्यांनी महामंडळ मागावं.

आणि पडलात तर? पेन्शन आहे ना, पाच वर्षांच्या एका टर्मवरही दरमहा 50 हजार. फक्त फ्लेक्सवर 'माजी आमदार' छापू देऊ नका. 'भावी मंत्री' छापा, दर तोच पडतो.