२२-२९ ची साडेसाती

नागपुरात मेट्रो धावते, विजेच्या स्कूटर धावतात. पण रोजच्या प्रवासातला धूर कमी करणारं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, असं माझं ठाम मत आहे. अडचण एवढीच, की त्याच्या नळीला धरून एक तज्ज्ञ उभा असतो.

"भाऊ, पुढे २२, मागे २९."

"दोन्हीत तीस-तीस मारून देतो नं, काऊन टेन्शन घेता?"

आता टायरमधल्या हवेच्या दाबाचे (पीएसआयमधले) हे आकडे काही मी पंचांगातून काढलेले नाहीत. ११० सीसीच्या पुष्कळ स्कूटरच्या पुस्तकात ते छापलेले असतात. डबलसीट जायचं तर मागे ३६ च्या आसपास. हवा कमी पडली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायर दबतो, सुटतो, तापतो, आणि त्या तापण्याचं बिल पेट्रोल भरतं. पेट्रोलही मोठं नाटकी. एका लिटरचं वजन जेमतेम पाऊण किलो, पण जळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे २.३ किलो! वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

मे महिन्यात तर विचारूच नका. भर दुपारी वर्धा रोडवरून आलेल्या टायरमध्ये गेज दोन-तीन पॉइंट जास्तच दाखवणार. तज्ज्ञ म्हणतो, "जास्त हाय जी, सोडून देतो." सोडली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर उपाशी. हवा मोजायची ती सकाळी, गाडी थंड असताना. आणि सकाळी तज्ज्ञ तर्री-पोह्यावर असतो. म्हणून खिशात मावणारं गेज आणि घरी पायपंप ठेवावा. गिअरच्या सायकलचा पंप बहुधा चालतो, साध्या काळ्या सायकलचा वॉल्व्ह वेगळा. भरल्यावर वॉल्व्हवर थुंकीचं बोट लावायचं. बुडबुडा आला तर आतली पिन गळते. मग टोपी लावायची. अर्ध्या नागपूरच्या टोप्या कुठे जातात, देव जाणे.

तरीही गाडी पेट्रोल पीतच असेल, तर इंजिन बंद करून डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. लगेच अडलं तर ब्रेक घासतोय. ड्रमजवळचा नट थोडा-थोडा ढिला करा, लिव्हरला बोटभर ढील राहू द्या. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल, तर तो हवेने झाडायचा नसतो, बदलायचा असतो. आणि नेमका तिथेच, टायरच्या वेळी न दिसलेला उत्साह अंगात येऊन, तज्ज्ञ नळी घेऊन धावत येतो.